नऊ शून्ये की बारा?

‘बिलियन’ हा शब्द आजच्या इंग्रजीत एकावर नऊ शून्ये, म्हणजे शंभर कोटी, या अर्थाने वापरतात. मराठीत त्याला अब्ज म्हणतात. जुन्या ब्रिटिश हिशेबाने मात्र बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष. त्यात एकावर बारा शून्ये येतात. आपल्या अर्थसंकल्पाच्या भाषेत एक लाख कोटी. दोन्ही अर्थांत हजारपटीचे अंतर आहे आणि दोन्ही शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदले.

‘मिलियन’ आधी इटलीत घडला. तिथे ‘मिले’ म्हणजे हजार, आणि ‘मिलियोने’ म्हणजे मोठा हजार. त्यापुढच्या संख्यांची घडी फ्रेंच गणिती निकोला श्युके याने १४८४ च्या हस्तलिखितात बसवली. संख्येचे सहा-सहा अंकांचे गट पाडायचे; दशलक्षाचा दुसरा घात बिलियन, तिसरा ट्रिलियन. ‘बि’ म्हणजे दोन आणि ‘ट्रि’ म्हणजे तीन, त्यामुळे नावातच हिशेब होता. हे हस्तलिखित छापले गेले थेट १८८० मध्ये, पण एतिएन द ला रोश याने त्यातला बराच मजकूर १५२० साली आपल्या पुस्तकात उतरवून घेतला होता. इंग्लंडमध्ये जॉन लॉकनेही १६९० च्या ग्रंथात सहा-सहा अंकांचीच रीत दाखवली आहे.

गोंधळही फ्रान्सनेच घातला. मोठ्या संख्या तीन-तीन अंकांनी तोडून लिहिण्याची पद्धत पडली, तसे काही लेखक प्रत्येक गटाला नवे नाव देऊ लागले. बिलियन हजार मिलियनवर उतरला आणि ‘बि’चा दोनशी असलेला संबंध तुटला. ही नवी रीत अमेरिकेने उचलली. आयझॅक ग्रीनवुड याच्या १७२९ च्या अंकगणितात ती आहे. ब्रिटनने जुनी सोडली नाही. गंमत अशी की फ्रान्सने १९६१ च्या सरकारी आदेशाने पुन्हा बारा शून्यांचा बिलियन अधिकृत ठरवला. फ्रेंचांनी टाकलेली रीत अमेरिकेत मात्र पक्की होऊन बसली.

दोन्ही अर्थांची टक्कर पैशाच्या व्यवहारात दिसते. १९२३ च्या महागाईत जर्मनीत ‘एक बिलियन मार्क’ अशी अक्षरे असलेल्या नोटा निघाल्या. ती रक्कम बारा शून्यांची होती. तेव्हाच्या ब्रिटिश वाचकाला तो शब्द जसाच्या तसा पटला असता. अमेरिकी वाचकाला मात्र त्याच रकमेसाठी ‘ट्रिलियन’ म्हणावे लागे. विज्ञानही यातून सुटले नाही. बर्कलीत १९५४ साली सुरू झालेल्या कणत्वरकाचे ‘बेव्हाट्रॉन’ हे नाव बिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून पडले, अर्थातच अमेरिकी बिलियनवरून. पुढे ‘गिगा’ हा उपसर्ग रूढ झाला. तो कोणत्याही देशात नऊ शून्येच सांगतो, त्यामुळे शास्त्रज्ञांची अडचण संपली.

ब्रिटिश अर्थ तर्काने सरस होता, यात शंका नाही. पण त्याचा उपयोग फारसा नव्हता. खगोलशास्त्रज्ञ सोडले तर बारा शून्ये रोज कोणाला लागणार? फाउलरच्या इंग्रजी वापराच्या प्रसिद्ध कोशातही हीच तक्रार आहे. याउलट सरकारी खर्च हजार मिलियनांत मोजला जाऊ लागला होता आणि त्याला सुटसुटीत नाव हवे होते. डिसेंबर १९७४ मध्ये रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदाराने, मंत्र्यांनी बिलियन ब्रिटिश अर्थानेच वापरावा, असा आग्रह धरला. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी तो लेखी उत्तरात नाकारला: शब्द आंतरराष्ट्रीय व्यवहारात हजार मिलियन याच अर्थाने चालतो, मंत्रीही तसाच वापरतील. जुना अर्थ लोकांच्या बोलण्यातून जायला त्यानंतरही बराच काळ लागला.

युरोपातल्या अनेक भाषांनी ही वाट धरली नाही. जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये बिलियन आजही बारा शून्यांचाच. नऊ शून्यांसाठी जर्मनीत ‘मिलियार्ड’ आणि फ्रान्समध्ये ‘मिलियार’ आहे. स्पॅनिश अकादमीने ‘मियार्दो’ हा शब्द १९९५ मध्ये मान्य केला. पोर्तुगीज तर एकच भाषा असूनही दुभंगली आहे: पोर्तुगालमध्ये बारा शून्ये, ब्राझीलमध्ये नऊ. जर्मन मजकुरातला बिलियन मराठीत अब्ज म्हणून उतरवला, तर रक्कम हजारपट घटते.

आपल्याकडेही असा पेच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अब्जावर नऊ शून्ये आणि खर्वावर दहा आहेत. हिंदीतला खरब मात्र अकरा शून्यांचा.