बेथनल ग्रीन : बॉम्ब न पडता १७३ बळी गेलेला निवारा

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी लंडनवासीयांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आश्रय घेतला. या निवाऱ्यांतील सर्वांत मोठी जीवितहानी ३ मार्च १९४३ रोजी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन येथे झाली. त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. जिन्यावरील चेंगराचेंगरीत १७३ जण मरण पावले. त्यांत ६२ मुले होती.

लंडनवरील सलग हवाई हल्ले ७ सप्टेंबर १९४० रोजी सुरू झाले, तेव्हा स्थानकांचा निवाऱ्यासाठी वापर करण्यास सरकारचा विरोध होता. रेल्वे वाहतुकीस अडथळा येईल, रोगराई पसरेल आणि जमिनीखाली गेलेले लोक कामावर परतणारच नाहीत, अशी धास्ती त्यामागे होती. नागरिकांनी स्वस्तातले तिकीट काढून फलाट गाठले आणि रात्र तेथेच काढली. सकाळी ते कामावर जातच राहिले. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. २७ सप्टेंबरच्या रात्री स्थानकांत सुमारे १ लाख ७७ हजार लोक असल्याची नोंद आहे. पुढे झोपण्यासाठी बर्थ, शौचालये आणि खाद्यपदार्थांची सोय झाली.

खोली म्हणजे सुरक्षितता, असे मात्र नव्हते. १४ ऑक्टोबर १९४० रोजी बालम स्थानकावरील रस्त्यावर बॉम्ब पडला, जलवाहिन्या फुटल्या आणि पाणी व गाळ बोगद्यात शिरून ६० हून अधिक जण दगावले. जानेवारी १९४१ मध्ये बँक स्थानकातही ५० हून अधिक बळी गेले.

बेथनल ग्रीनचे स्थानक अपूर्ण होते. तेथे गाड्या धावत नव्हत्या. हजारो लोकांच्या या निवाऱ्याला प्रवेशद्वार मात्र एकच होते. ३ मार्चला रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा वाजला. बर्लिनवर नुकत्याच झालेल्या ब्रिटिश हल्ल्याचा सूड घेतला जाईल, या अपेक्षेने लोक आधीच सावध होते. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाण डागले गेले. तो अनोळखी आवाज बॉम्बचाच समजून गर्दी आत लोटली. पावसाने ओल्या झालेल्या, अंधुक उजेडातील १९ पायऱ्यांच्या जिन्यावर तळाजवळ एक स्त्री पडली. मागचे लोक तिच्यावर कोसळत गेले. काही क्षणांत सुमारे ३०० जण त्या अरुंद जागेत अडकले. जिन्याच्या मध्यभागी धरायला कठडा नव्हता.

प्रवेशद्वारात सुधारणा करण्याची परवानगी स्थानिक परिषदेने १९४१ मध्येच मागितली होती. वरिष्ठ यंत्रणेने ती नाकारली. दंडाधिकारी लॉरेन्स डन यांच्या चौकशी अहवालाने गर्दीचा संयम सुटल्यावर मुख्य ठपका ठेवला, पण जिन्यातील त्रुटीही नोंदवल्या. तो अहवाल जानेवारी १९४५ पर्यंत जाहीर झाला नाही. स्थानकाजवळ उभारलेल्या उलट्या जिन्याच्या आकाराच्या स्मारकाचे अनावरण डिसेंबर २०१७ मध्ये झाले. दुर्घटनेच्या जिन्यावर कठडे तेवढे त्यानंतर लगेच बसवण्यात आले होते.