भरल्या पोटी उपासमार

नगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) दुष्काळ नवा नाही. उत्तरेकडे पाटपाण्यावरचा उसाचा पट्टा, तर दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड हे अवर्षणाचे तालुके. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेथे आजही निघतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा दिवसांत एक कोडे दिसते. नुसत्या वाळल्या काडावर जगणाऱ्या गाईचे पोट भरलेले असते, तरी ती खंगत जाते. पुढे टाकलेली वैरणही ती पुरती खात नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर गाईच्या पोटात अन्न किती वेळ राहते यात आहे. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तेथले सूक्ष्मजीव काडीतील सेल्युलोज कुजवतात, रवंथाने काडी बारीक होते आणि पुरेशी बारीक झाली की पुढे सरकते. तोपर्यंत ती जागा अडवून बसते.

हा वेळ मोजायचा कसा? १८९६ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने प्राण्यांच्या अन्नमार्गाची हालचाल पाहण्यास सुरुवात केली. पण गाईच्या अवाढव्य पोटापुढे ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. तिथे साधी वाट उपयोगी पडली: ओळखू येईल असे काही खाऊ घालायचे आणि ते शेणात शोधायचे.

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत बाल्च यांनी १९५० साली या पद्धतीवरचे काम प्रसिद्ध केले. गाईला रंगवलेल्या वैरणीचे तुकडे एकदाच द्यायचे. मग पुढचे कित्येक दिवस शेण गोळा करायचे, त्याचे नमुने धुऊन गाळायचे आणि रंगीत तुकडे मोजायचे. पहिले तुकडे साधारण १२ ते २४ तासांत दिसतात. शेवटचे बाहेर पडायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाच टक्के तुकडे बाहेर पडल्याची वेळ ऐंशी टक्क्यांच्या वेळेतून वजा केली, की कोटीपोटातील मुक्कामाचा अंदाज येतो. पुढे रंगाऐवजी धातूंच्या खुणाही आल्या. तंतूंसाठी क्रोमियम आणि द्रवासाठी कोबाल्ट वापरण्याची पद्धत १९८० साली प्रसिद्ध झाली.

आता आपल्या कोड्याकडे वळू. १९६२ साली कॅम्पलिंग, फ्रीअर आणि बाल्च यांनी ओटच्या काडावर ठेवलेल्या गाईंच्या कोटीपोटात रोज १५० ग्रॅम युरिया सोडला. काडाचा पोटातील मुक्काम घटला आणि गाई सुमारे ४० टक्के अधिक काड खाऊ लागल्या. काडात प्रथिने फार थोडी असतात. त्यामुळे सूक्ष्मजीवच नायट्रोजनवाचून उपाशी राहतात, काडी कुजत नाही आणि जागा मोकळी होत नाही. म्हणजे गाईच्या आधी तिच्या पोटातले सूक्ष्मजीव उपाशी असतात.

काडावर युरियाची प्रक्रिया करण्यामागेही हाच विचार आहे. १०० किलो काडावर ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून ढीग सुमारे २१ दिवस हवाबंद ठेवतात. यात तयार होणारा अमोनिया काडी मऊही करतो. मात्र युरिया पाण्यात कालवून थेट पाजला, तर त्याच अमोनियाच्या विषबाधेने जनावर दगावते. हे विद्यार्थ्यांना बजावून सांगितले पाहिजे.

आजारी जनावरात हीच गती बिघडते. १९४० साली स्वीडनमध्ये होफलुंड यांनी गाईंमधील व्हेगस मज्जातंतूच्या शाखा कापून दाखवले, की त्या तुटल्यावर अन्नाची पुढची वाटचाल अडते. पशुवैद्य डाव्या भकाळीवर मूठ दाबून कोटीपोटाच्या लाटा मोजतात. निरोगी गाईत मिनिटाला साधारण एक-दोन येतात. उलट जादा धान्य खाऊन पोट आंबले, तर शेण पातळ होते आणि त्यात न पचलेले दाणे दिसतात. म्हणजे फार हळू वाईट, तसेच फार वेगानेही वाईट.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. हिरवा चारा खाणाऱ्या आणि नुसते काड खाणाऱ्या गाईचे शेण चाळणीवर धुऊन उरलेल्या तंतूंची तुलना करावी. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत. शेण पाहून जनावराची प्रकृती सांगणारे वडीलधारे गावोगाव भेटतात. त्यांना काय दिसते, हे विद्यार्थ्यांनी त्यांनाच विचारून लिहून घ्यावे.