नावाआधीची खालची रेघ

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले आणि जगभरची पत्रं त्या खेड्याकडे निघाली. पण वर्धा ज्या लोहमार्गावर, त्याच मार्गावर बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव. नावातल्या एवढ्याशा फरकानं टपाल भलतीकडे जाऊ लागलं. अखेर १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून सर्वदूर ठाऊक असलेलं. त्यानं नाव का सोडावं? ज्याची वर्दळ नंतर वाढली त्यानं बाजूला व्हावं, हा निवाडा मला फार रास्त वाटतो. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या दुनियेला तिथवर पोचायला मात्र बरीच वर्षं लागली.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला आणि चालू असलेल्या प्रत्येक कामाला मालक लागतो, मग ते काम माणसानं सुरू केलेलं असो वा यंत्रानं आपणहून. १९७० च्या दशकात, युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्समध्ये, माणसांची लॉगिनं अगदी आखूड असत. डेनिस रिची म्हणजे ‘डीएमआर’, केन थॉम्पसन म्हणजे ‘केन’. नावाला जागाच आठ अक्षरांची. यंत्राची स्वतःची खातीही तशीच: रूट, डीमन, बिन, सिस, पुढे एडीएम, एलपी. माणसं आणि यंत्र दोघांचीही नावं एकाच पासवर्ड फाइलीत, ओळीखाली ओळ.

आपल्याकडे तर माणूस आद्याक्षरांनी ओळखायची जुनी रीत आहे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्या रीतीनं कॉलेजच्या सर्व्हरवर लॉगिनं वाटायला बसलं, तर ए. डी. एम. या आद्याक्षरांच्या प्राध्यापकांना ‘एडीएम’ मिळत नाही. यंत्राच्या वापराच्या नोंदींसाठी ते केव्हाच अडवून ठेवलेलं. ‘एलपी’ प्रिंटरकडे गेलेलं.

तरी सुरुवातीला अशी खाती मोजकीच होती. संख्या वाढली ती ‘नोबडी’मुळे. नेटवर्कवरून फाइली वापरताना परक्या यंत्राच्या रूटला, म्हणजे तिथल्या सर्वाधिकारी खात्याला, इथे काही अधिकार उरू नये, म्हणून हे खातं आलं. सोय बघून अनेकांनी आपापले प्रोग्रॅम त्याच्याच नावावर चालवायला घेतले. धोका इथेच होता. त्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये कोणी घुसलं, की त्याच नावावर चालणारे बाकीचेही त्याच्या हाती. मग प्रत्येक सेवेला वेगळं खातं द्यायची पद्धत रुजली. वेब सर्व्हरचं खातं डेबियन या युनिक्ससारख्या प्रणालीवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, क्रमांक ३३. तशाच रेड हॅटवर ‘अपाची’, क्रमांक ४८. प्रत्येकानं आपल्या मनानं नावं ठेवली आणि माणसांच्या नावांवर आक्रमण वाढत गेलं.

डेबियननं एक्झिम या टपाल-प्रोग्रॅमच्या खात्याला ‘डेबियन-एक्झिम’ असं नाव दिलं. असं नाव कुणा माणसाचं असणार नाही हे खरं, पण ते आठ अक्षरांत मावेना. चालू कामांची यादी काढली की जुन्या यंत्रणांवर मालकाच्या रकान्यात नावाऐवजी नुसता क्रमांक दिसे.

टिकाऊ तोड ओपनबीएसडी ही युनिक्स-वंशातली प्रणाली घडवणाऱ्यांनी काढली. सेवांची खाती विभागण्यात ही मंडळी सर्वांत काटेकोर. २००० नंतर त्यांनी नव्या खात्यांच्या नावाआधी अंडरस्कोर लावायला सुरुवात केली: ‘_एनटीपी’, ‘_डीएचसीपी’. एकच अक्षर खर्ची पडतं आणि माणसाच्या लॉगिनशी टक्कर होत नाही, कारण त्याची सुरुवात रेघेनं कोणी करत नाही. ॲपलनं मॅकच्या २००७ मधल्या लेपर्ड या आवृत्तीत हीच रीत उचलली. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’चं ‘_डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ केलं आणि जुनं नाव टोपणनाव म्हणून ओळखीत ठेवलं. पुढे डेबियनच्या धोरणातही नव्या खात्यांसाठी अंडरस्कोरची शिफारस आली.

आज डेबियन किंवा उबुंटूवरची पासवर्ड फाइल उघडा. ‘_ॲप्ट’ची ओळ सापडेल. कोलननं तोडलेले सात रकाने: पहिल्यात रेघेसकट नाव, दुसऱ्यात पासवर्डच्या जागी एक्स, मग क्रमांक. घराच्या रकान्यात चक्क ‘नॉनएक्झिस्टंट’, आणि शेवटी ‘नोलॉगिन’. पॅकेजं उतरवून घेण्यापुरतंच हे खातं. त्याला घर नाही, दारातून आत यायची मुभा नाही.

जुन्यांना मात्र रेघ लागलेली नाही. असंख्य स्क्रिप्ट आणि फाइली त्यांच्याच नावावर चालतात, त्यामुळे डीमन, बिन, एलपी जागच्या जागी आहेत. ए. डी. एम. आद्याक्षरांच्या माणसाला अजूनही दुसरं लॉगिन शोधावं लागतं.