पवारांच्या मुलखातील बंद शाळा

अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात उतरलेल्या पवार घराण्याने धार आणि देवास येथे आपली ठाणी बसवली, आणि त्यांच्या आश्रयाने दख्खनेतील कारकून, शास्त्री, वैद्य, शिलेदार आणि पंतोजी यांची कुटुंबे त्या काळ्या मातीत अशी रुजली की, संस्थाने विलीन होऊन पाऊण शतक उलटले तरी तेथील जुन्या वाड्यांतून मराठी आजही कानी पडते. इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास अशी ही दोन गावे. २०२० च्या मे महिन्याच्या आरंभी केंद्र सरकारने करोनाच्या साथीत देशातील जिल्ह्यांची वर्गवारी जाहीर केली, तेव्हा इंदूर, उज्जैन आणि भोपाळ यांच्याबरोबर या दोन्ही जिल्ह्यांची नावे लाल क्षेत्रात आली. शाळा तर मार्चच्या मध्यापासूनच बंद होत्या. त्या केव्हा उघडाव्यात, कोणासाठी आधी उघडाव्यात आणि तो निर्णय कोणी घ्यावा, याविषयी पुढे दीड वर्ष जो वाद चालला, त्याच्याकडे या मुलखाच्या इतिहासातून पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रथमच लक्षात येते. साथी येथे नव्या नव्हत्या. शाळेविषयीचा सार्वजनिक वाद मात्र नवा होता.

१८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, उद्भवला, आणि तो रेल्वेच्या व व्यापाराच्या वाटांनी पसरत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत माळव्यापर्यंत येऊन पोहोचला. छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६ च्या) दुष्काळाने हा प्रदेश नुकताच खिळखिळा झाला होता. १९०१ च्या खानेसुमारीत धार संस्थानची लोकसंख्या अवघी १ लाख ४२ हजारांच्या घरात भरली होती. ब्रिटिश मुलखासाठी १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला, पण संस्थानांत दरबारचा हुकूम हाच कायदा, आणि त्या हुकुमाची मदार रेसिडेन्सीच्या सल्ल्यावर. उंदीर मरून पडू लागले की वस्ती सोडावी, गावाबाहेर मळ्यात किंवा माळावर झोपड्या घालून राहावे आणि गाठीचा ताप ओसरल्यावर घरे उघडून, धुरी देऊन, सारवून परत यावे, हा शिरस्ता महाराष्ट्राप्रमाणे माळव्यातही लोकांनी स्वतःच पाडून घेतला. त्या काळात शाळा बंद होणे ही एवढ्या मोठ्या उलथापालथीतील एक लहानशी बाब होती, कारण शाळेत जाणारी मुलेच मूठभर. दप्तरदारांची, मानकऱ्यांची, भटाभिक्षुकांची आणि काही सावकारांची मुले सोडली, तर संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या लेकरांना शाळा उघडी काय आणि बंद काय, सारखीच होती. भिल्ल-भिलाल्यांच्या पाड्यांवर तर तिचा उंबरठाच नव्हता.

धारला विद्येचा अभिमान नव्हता असे मात्र कोणी समजू नये. राजा भोजाच्या कीर्तीचा वारसा सांगणाऱ्या या नगरीत काशिनाथ कृष्ण लेले यांच्यासारखा विद्वान संस्थानच्या शिक्षणखात्याचा मुख्य होता. आज भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूतील शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते त्यांनीच. तेथील एका शिलेवर नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि धातूंचे प्रत्यय कोरलेले आहेत. वेटोळ्यामागून वेटोळे घेत अक्षरे एकमेकांत गुंफत जातात, आणि व्याकरण पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची नजर कशी फिरत असेल याचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो. ज्या गावाने मुळाक्षरे दगडात कोरून ठेवली, त्या गावातही शिक्षण हा सर्वांचा हक्क मानला जात नव्हता.

देवासची गोष्ट अधिकच विलक्षण. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या वंशांत एकच गाव विभागले गेले. थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार, दोन राजवाडे, दोन फौजा आणि दोन न्यायसभा एकाच पेठेच्या आसपास नांदत. १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्या खासगी चिटणीसाच्या जागी काही महिने राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने या दुहेरी कारभाराची हकिगत पुढे पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. रस्त्याच्या एका अंगाला एका महाराजांचा अंमल आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांचा, अशा गावात साथीचा बंदोबस्त म्हणजे केवढी नाजूक मसलत! उंदराला किंवा पिसवेला पातीचा भेद ठाऊक नसतो. एका दरबाराने वस्ती हलवावी आणि दुसऱ्याने स्वस्थ राहावे, तर पहिल्याचा खटाटोप फुकट जावयाचा. रोगाची सीमा आणि अंमलाची सीमा एक नसते, हे देवासच्या रहिवाशांना एका रस्त्याच्या रुंदीत दिसत असे. जिल्ह्याजिल्ह्यांना वेगवेगळे रंग लावणाऱ्या पुढच्या काळातील कारभाऱ्यांनाही तीच अडचण निराळ्या रूपात भेटली.

वस्तीबरोबर शाळाही हलवावी, हा विचार त्या काळी कोणाला सुचला नाही असे नाही. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढच्याच वर्षी शहरावर प्लेगचे संकट कोसळले. सावित्रीबाई फुले यांनी मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना प्राण ठेवला तो याच साथीत. साथ वर्षामागून वर्षे परतू लागली, तेव्हा १९०० साली कर्व्यांनी आपल्या विद्यार्थिनींसह गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका साध्या झोपडीत बिऱ्हाड मांडले आणि स्वतः रोज कित्येक मैल पायी चालून फर्ग्युसन कॉलेजात शिकवण्यास जाऊ लागले. शाळा उघडी की बंद, या प्रश्नाऐवजी शाळा कोठे भरवावी हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा पाया त्या माळरानावर पडला. युरोपात क्षयाच्या भयाने १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे झाडांखाली शाळा भरू लागली, तिचाही हेतू हाच. मोकळ्या हवेत रोग विरतो आणि मूल शिकत राहते. झाडाखालची शाळा ही तर आपल्याकडची जुनी चाल, आणि वर्षातील आठ महिने आकाश निरभ्र असणाऱ्या माळव्याइतकी तिला अनुकूल भूमी क्वचितच सापडेल.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, हा निराळाच प्रकार. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत, नेमक्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, तिच्या दुसऱ्या लाटेने हिंदुस्थानात असा कहर केला की मृतांचा अंदाज सव्वा कोटीच्या खाली येत नाही. त्या वर्षी पाऊसही फसला होता. धारला रेल्वे नव्हती. महूच्या छावणीपासून तेहतीस मैलांची सडक हीच बाहेरच्या जगाची मुख्य वाट, पण ज्या रोगाला माणसाचा श्वास पुरतो त्याला सडकेचे अंतर अडवीत नाही. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांनी त्याच शरद ऋतूत शाळा मुद्दाम उघड्या ठेवल्या, कारण दाटीच्या चाळींपेक्षा शाळेत मूल अधिक स्वच्छ जागी राहील आणि डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. माळव्याच्या खेड्यांत असा वाद उठण्याचे कारणच नव्हते. डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हती, आणि मुलाचे नाव ज्या पटावर असावे तो पटही नव्हता.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत मात्र पट आला. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या धार जिल्ह्यात गावोगाव प्राथमिक शाळा उभी राहिली, दुपारचे शिजवलेले अन्न मिळू लागले, आणि मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या आईबापांची लेकरे छात्रावासांत आणि आश्रमशाळांत राहून शिकू लागली. म्हणून २०२० साली शाळेच्या दाराला कुलूप लागले, तेव्हा इतिहासात प्रथमच ते कुलूप सर्वांच्या मुलांना लागले. आजवर जो प्रश्न मूठभरांचा होता, तो लोकांचा झाला.

राज्य सरकार स्वस्थ बसले नव्हते हे न्यायाने सांगितले पाहिजे. एप्रिलपासून आकाशवाणीवर शाळेचे पाठ सुरू झाले, भ्रमणध्वनीवर पाठ पाठवले जाऊ लागले, आणि ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही योजना आली. सकाळी दहा वाजता घरातील कोणी वडीलधाऱ्याने थाळी वाजवावी, मुलाने पाटी-पुस्तक घेऊन ठरलेल्या कोपऱ्यात बसावे, आणि एक वाजता पुन्हा थाळी वाजली की सुट्टी. शिक्षकांनी अधूनमधून घरी येऊन विचारपूस करावी, अशी ती रचना. कल्पना प्रेमळ होती. परंतु ज्या घरात थाळी वाजवणारी आई स्वतः निरक्षर, बाप सोयाबीनच्या निंदणीला गेलेला आणि घरात असला तर एकच फोन, तोही बापाच्या खिशात, त्या घरात दहा ते एकच्या दरम्यान काय घडत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने मध्य प्रदेशासह पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी २०२१ च्या आरंभी केली. ९२ टक्के मुले भाषेतील आणि ८२ टक्के मुले गणितातील आदल्या वर्षीची किमान एक क्षमता गमावून बसली होती.

याच देवासात आजारपणाचे एक निराळे विद्यार्जन घडले होते, त्याची आठवण येथे अवश्य होते. १९४८ च्या जानेवारीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेले फुप्फुस घेऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले. सुमारे पाच वर्षे गाण्यास मनाई होती, आणि त्या सक्तीच्या मौनात अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून येणारी माळव्याची लोकगीते ऐकत त्यांनी आपल्या गायकीला नवे वळण दिले. या उदाहरणाने अनेक जण भुलतात आणि म्हणतात की शिकणाऱ्याला शाळा लागत नाही, नुसते कान लागतात. परंतु कुमारांच्या पाठीशी लहानपणापासून गुरू प्रो. देवधरांकडे मिळालेली अनेक वर्षांची तालीम होती. स्वर आधी आत रुजला होता म्हणून मौन फळले. ज्या मुलाला अजून काना-मात्रा ओळखता येत नाही, त्याच्या वाट्याला आलेली रिकामी वर्षे फळत नाहीत. म्हणून बंदीचा भार सर्वांत जड कोणावर पडतो, याचे उत्तर मला निःसंदिग्ध वाटते. तो पहिली-दुसरीच्या मुलावर पडतो.

नेमक्या याच मुलाला सर्वांत शेवटी आत घेण्यात आले. २१ सप्टेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना पालकांच्या संमतीने शंका विचारण्यापुरती मुभा मिळाली. १८ डिसेंबरला दहावी-बारावीचे वर्ग सुरू झाले. पहिली ते आठवी बंदच. मधल्या काळात प्रार्थनास्थळे उघडली, बाजार उघडले, चित्रपटगृहांना अर्ध्या आसनांची परवानगी मिळाली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यात विधानसभेच्या २८ जागांसाठी पोटनिवडणूक झाली, त्यांत धार जिल्ह्यातील बदनावर आणि देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या हे दोन मतदारसंघ होते. मतदानाची केंद्रे बहुधा शाळांतच भरतात. तेथे हात धुण्याची, अंतराने उभे राहण्याची, ताप मोजण्याची व्यवस्था होऊ शकली. म्हणजे व्यवस्था अशक्य नव्हती, ती कोणासाठी करावयाची याचा क्रम ठरलेला होता, आणि त्या क्रमात लहान मूल नव्हते. याचे मला आजही अतिशय दुःख वाटते.

उघडण्यास विरोध करणाऱ्यांना निर्दय म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आजी-आजोबांसह एका छपराखाली राहणाऱ्या कुटुंबात मुलाबरोबर रोग घरी येईल, ही भीती खोटी नव्हती. लस जानेवारी २०२१ पर्यंत नव्हती. शिक्षकच घरोघरच्या पाहणीच्या कामावर नेमले गेले होते. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने तर खेडीही सोडली नाहीत. शिर सलामत तर पगडी पचास, असे त्या दिवसांत जो तो म्हणत होता, आणि घरातील माणूस प्राणवायूवाचून गेलेल्या बापाला कोणता युक्तिवाद ऐकवावा? तरीसुद्धा सरसकट बंद आणि सरसकट खुले यांच्या मधली जी विस्तीर्ण जागा होती, वडाचा पार, मंदिराचा ओटा, खळे, शाळेचेच पटांगण, तिचा विचार वस्त्यांवर वर्ग घेणाऱ्या काही जिद्दी शिक्षकांनी केला. कारभाराने तो पुरेसा केला नाही. उरुग्वेने एप्रिल २०२० मध्येच लहान पटाच्या ग्रामीण शाळा आधी उघडल्या, डेन्मार्कने सर्वांत लहान मुलांना आधी बोलावले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी २० जुलै २०२१ रोजी प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल असे जाहीरपणे सांगितले, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी मध्य प्रदेशात अकरावी-बारावीचे वर्ग सुरू झाले. ५ ऑगस्टला नववी-दहावी, १ सप्टेंबरला सहावी ते आठवी, आणि २० सप्टेंबर २०२१ रोजी, तेही निम्म्या हजेरीने, पहिली ते पाचवी. २०२० साली पहिलीत नाव दाखल झालेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत गेलेले होते.

तिसरी लाट आली तेव्हा १५ जानेवारी २०२२ पासून शाळा पुन्हा बंद झाल्या, पण या खेपेस त्याच हुकुमात मेळ्यांवरही मनाई होती, बंदीची मुदत महिनाअखेरपर्यंतच होती, आणि १ फेब्रुवारीला शाळा उघडल्या. पूर्वी शाळा उघडा म्हणणाऱ्याला कारणे द्यावी लागत होती. आता ती बंद ठेवा म्हणणाऱ्याला द्यावी लागू लागली होती.