खडीसाखरेचा आरसा

युरेनस कोणी शोधला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी आरसे घासणारा माणूस, त्यामुळे मला भलताच प्रश्न पडतो: त्याच्या दुर्बिणीचा आरसा काळवंडला की तो काय करायचा?

१३ मार्च १७८१ च्या रात्री विल्यम हर्षलने बाथमधल्या घराच्या परसातून युरेनस पाहिला, तो सव्वासहा इंची आरशातून. आरसा काचेचा नव्हता. ढोबळमानाने दोन भाग तांबं, एक भाग कथील अशी ओतीव, ठिसूळ धातू. नवी कोरी असतानाही ती निम्म्याहून थोडा जास्त प्रकाश परत द्यायची, आणि इंग्लंडच्या ओल्या हवेत पाहता पाहता मंदावायची. एकदा हर्षल सलग सोळा तास आरसा घासत बसला होता. हात काढता येईना, म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. ही गोष्ट चिकाटीचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात धातूची खोड दिसते. चकाकी परत आणायची तर पृष्ठभाग पुन्हा घासायचा, आणि घासला की वक्रता बिघडायची. ही वक्रता मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागापर्यंत सांभाळावी लागते. म्हणजे दर सफाईला दुर्बीण नव्यानेच घडवायची.

हे हर्षलला जमलं, कारण घडवणारा आणि बघणारा तो एकच होता. जिथे तसं नव्हतं तिथे हाल झाले. डब्लिनच्या ग्रब यांनी १८६० च्या दशकात मेलबर्नसाठी ४८ इंची दुर्बीण केली, तीही धातूच्याच आरशाची. आरसे मंदावले, पण त्यांना नीट आकार देणारा कारागीर होता समुद्रापार. एवढी थोरली दुर्बीण नाव कमवायची ती कमवू शकली नाही.

खरं तर तोवर तोड निघालेली होती. १८५० च्या दशकात जर्मनीत श्टाइनहाइल आणि पॅरिसात फूको यांनी काचेच्या आरशावर चांदीचा अतिशय पातळ थर बसवला. चांदी काळी पडली की नायट्रिक ॲसिडने उतरवायची आणि नवी चढवायची. खालची काच, म्हणजेच घासून मिळवलेला आकार, जशाचा तसा. भांड्याला कल्हई करावी तसा प्रकार. माझ्या मते हौशी माणसाच्या हातात दुर्बीण आली ती तेव्हाच.

पिट्सबर्गच्या लोखंडाच्या गिरणीत यंत्रं सांभाळणारा जॉन ब्रॅशियर दिवसभर राबून रात्री बायकोबरोबर आरसा घासायचा. त्यांचा बारा इंची आरसा चांदी चढवताना तडकला. त्या काळची रीत गरम द्रावणाची होती. मग ब्रॅशियरने सुधारलेली कृती वापरली आणि पेटंटबिटंटच्या भानगडीत न पडता १८८० मध्ये सरळ छापून टाकली. एका भांड्यात सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि कॉस्टिक पोटॅश. दुसऱ्यात पाणी, खडीसाखर, थोडं नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल. हे साखरेचं पाणी लोणच्यासारखं मुरवलेलं बरं. दोन्ही एकत्र ओतली की पाणी आधी गढूळतं, मग काळं होतं, आणि तळाच्या काचेवर चांदी धरते. उरलेलं द्रावण मात्र ताबडतोब फेकायचं, कारण ठेवलं तर त्यात स्फोटक साका तयार होतो. पुढची पन्नासेक वर्षं हौशी लोकांच्या घरोघरी हाच उद्योग चालला. बायकांनी तो कसा खपवून घेतला असेल, देव जाणे!

आपल्याकडेही काचेचा आरसा आला तो ग्रब यांच्याच कारखान्यातल्या दुर्बिणीतून. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला ती सांभाळायचे. वीस इंची दुर्बीण, त्या वेळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. माणूस गेला की यंत्रही गेलं, ही आपली जुनीच रीत.

चांदी चढवण्याचा घरचा कारखाना बंद पाडला ॲल्युमिनियमने. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन स्ट्राँग यांनी निर्वात टाकीत ॲल्युमिनियमची वाफ करून आरशावर बसवली, आणि १९३५ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची आरशालाही तोच मुलामा मिळाला. चांदी महिन्यांत मंदावते, हा वर्षानुवर्षं टिकतो. पण टाकी कोणाच्या घरी असणार? तेव्हापासून आपण आरसा घासतो घरी आणि चमक आणतो बाहेरून.

घरी उरली सफाई, आणि तीच लोक नको तितकी करतात. दिवाळीच्या साफसफाईत दुर्बीण घेऊ नये. धुळीने प्रकाश फारसा अडत नाही, फडक्याने पडलेला ओरखडा मात्र कायमचा. फारच झालं तर आरसा आधी नळाखाली धरावा, मग कापसाचा ओला बोळा स्वतःच्या वजनाने फिरेल एवढाच फिरवावा, शेवटी डिस्टिल्ड पाणी ओतून उभा करून वाळवावा. पावसाळ्यात बुरशी धरते ती नेत्रिकांना, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांना. त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात.

अलीकडे परदेशात काही हौशी मंडळी पुन्हा चांदीकडे वळली आहेत. दोन द्रावणं आरशावर फवारायची, वर संरक्षक थर द्यायचा. नवी चांदी ॲल्युमिनियमपेक्षा जास्त प्रकाश परत देते, आणि काम घरच्या घरी होतं. मला मोह होतो. पण चार महिन्यांचा आपला पाऊस आणि शहरातला धूर पाहता, पुण्यात तरी मी ॲल्युमिनियमच सांगेन.