कंटेनर व्यवस्थापन प्रणालीचा उदय : मालकीहक्क सोडण्याचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना :
परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना नवा नाही. वर्षभर जवळजवळ रिकामा असलेला सर्व्हर त्या एका तासात अपुरा पडतो. मागणी वाढताच ॲप्लिकेशनच्या प्रती वाढविणे, ती ओसरताच कमी करणे आणि एखादे यंत्र बंद पडल्यास काम दुसऱ्या यंत्राकडे सोपविणे, ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस कंटेनर व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. अशा प्रणालींमध्ये आज ‘कुबरनेटिस’ सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्या यशाचे श्रेय सामान्यतः तिच्या तांत्रिक गुणांना दिले जाते. ते अंशतः खरे आहे. तथापि मालकीहक्क सोडण्याचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा ठरला, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

बंदरातील पेटी :
‘कंटेनर’ ही संज्ञा मालवाहतुकीतून आली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. आतील माल कोणताही असो, बाहेरील पेटी एकसारखी. त्यामुळे प्रत्येक नग हाताने चढविण्याची गरज उरली नाही. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांची मापे निरनिराळी होती. १९६०च्या दशकात मॅकलीन यांच्या कंपनीने आपल्या पेटंटचे हक्क इतरांसाठी खुले केले आणि १९६८ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणे प्रसिद्ध होऊ लागली. एकाची पेटी दुसऱ्याच्या जहाजावर सहज चढू लागली, ती या प्रमाणीकरणामुळे.

संगणकातील पेटी :
संगणकातही पेटीची कल्पना टप्प्याटप्प्याने आकारास आली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या आज्ञावलीची दृष्टी ठरावीक फाईलींपुरती मर्यादित करण्याची सोय झाली. २००० मध्ये ‘फ्रीबीएसडी’ने ‘जेल’ या नावाने अधिक कडेकोट विलगीकरण दिले. २००६ मध्ये गुगलचे अभियंते पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रोसेसर व स्मृती यांच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेचे काम आरंभिले. ती २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ जगापुढे मांडले. डॉकरने विलगीकरणाचा शोध लावला नाही. ॲप्लिकेशन आणि त्याला लागणाऱ्या सर्व फाईली एका गठ्ठ्यात बांधण्याची सोपी रीत त्याने रूढ केली.

सुकाणू :
एक पेटी हाताळणे सोपे असते. हजारो पेट्या कोणत्या यंत्रावर ठेवाव्यात, हा खरा प्रश्न होय. गुगलने त्यासाठी ‘बोर्ग’ ही अंतर्गत प्रणाली अनेक वर्षे वापरली. तिचे सविस्तर वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या अनुभवाच्या आधारे जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेली नवी प्रणाली जून २०१४ मध्ये खुली करण्यात आली, तीच कुबरनेटिस. हा ग्रीक शब्द सुकाणू धरणाऱ्याचा वाचक आहे. आपल्या ‘कर्णधार’ या शब्दाचा मूळ अर्थही तोच.

या प्रणालीत प्रशासक एकेक हुकूम देत नाही. अपेक्षित स्थिती लिहून ठेवतो. ‘सहा प्रती चालू असाव्यात’ असे नमूद केल्यास प्रणाली प्रत्यक्ष स्थिती पुनःपुन्हा पडताळते आणि एक प्रत बंद पडताच नवी सुरू करते. विस्ताराचे गणितही साधे आहे. चार प्रतींचा सरासरी प्रोसेसर-वापर ९० टक्के असून उद्दिष्ट ६० टक्के असेल, तर ४ × ९० ÷ ६० म्हणजे सहा प्रती होतात. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ या खेळाची वाहतूक अपेक्षेच्या सुमारे ५० पट झाली, तेव्हा गुगलच्या मेघसेवेत याच प्रणालीवर तो भार पेलला गेला.

मालकीचा प्रश्न :
प्रतिस्पर्धी कमी नव्हते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जन्मलेली ‘मेसॉस’ आणि डॉकरची स्वतःची ‘स्वॉर्म’ या प्रणाली उपलब्ध होत्या. २१ जुलै २०१५ रोजी कुबरनेटिसची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील नव्या संस्थेकडे सोपविण्याची घोषणा झाली. आता ती स्वीकारणे म्हणजे गुगलचे मांडलिकत्व पत्करणे, असा अर्थ उरला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये डॉकरने आणि नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने तिला पाठिंबा जाहीर केला. येथे एक आक्षेप संभवतो : मेसॉसही अपाचे या त्रयस्थ फाउंडेशनकडेच होती. म्हणून त्रयस्थ विश्वस्त ही यशाची पुरेशी अट नव्हे. परंतु प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र यावे यासाठी ती आवश्यक होती, असे म्हणता येईल.

समारोप :
बंदरातील पेटीची किंमत हमालांच्या रोजगाराने चुकती केली. संगणकातील पेटीची किंमत गुंतागुंतीच्या रूपाने चुकवावी लागते : ही प्रणाली चालविण्यासाठीच स्वतंत्र तज्ज्ञ लागतात. शिवाय ती प्रती वाढविते, यंत्रे निर्माण करीत नाही. दोनच सर्व्हर असलेल्या संस्थेला निकालाच्या दिवशी अखेर भाड्याच्या यंत्रांकडेच वळावे लागते. ॲप्लिकेशनची पेटी एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे नेता येते. साठलेली माहिती तितक्या सहजतेने नेता येत नाही. यास्तव एखाद्या शैक्षणिक संस्थेने अशी व्यवस्था स्वीकारताना ‘ती किती वेगवान आहे?’ या प्रश्नाआधी ‘तिच्यातून बाहेर पडता येईल काय?’ हा प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. १९६०च्या दशकातील बंदरांचा आणि २०१५ नंतरच्या संगणकविश्वाचा इतिहास हाच बोध देतो.