गिअर बॉक्स (मोटारगाडीचा) : देखभाल व दुरुस्ती

इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचा मेळ घालणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे गिअर बॉक्स. इंजिनाला ठराविक फेऱ्यांतच जोर येतो. म्हणून भरलेली गाडी जागेवरून हलवताना पहिल्या गिअरमध्ये पेटीतून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे साधारण साडेतीन फेरे लागतात. मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये हेच प्रमाण बहुधा एकाच्या खाली येते. प्रस्तुत नोंद वाशीम जिल्ह्यातील आसेगाव आणि तशा गावांत चालणाऱ्या हातगिअरच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. काळी माती, पावसाळी ओढे, क्षमतेपेक्षा जास्त सवारी आणि सोयाबीनची पोती या साऱ्यांचा भार तिथे एकाच पेटीवर येतो. अशा गाड्यांचा गिअर बॉक्स गेला म्हणतात तेव्हा दात झिजून तो गेलेला क्वचितच असतो. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा तेलापासून किंवा क्लचपासून होते, आणि म्हणूनच पेटी उतरवून उघडणे हे दुरुस्तीतले शेवटचे पाऊल असायला हवे.

हे पटायचे तर आत काय चालते ते पाहावे लागते. अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये सिंक्रोमेश पद्धत बाजारात आणली. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून फेरे स्वतः जुळवावे लागत. आता ते काम बहुधा पितळी रिंगा करतात. रिंग गिअरच्या उतरत्या शंकूवर घासते, दोन्ही भागांचा वेग एक होतो आणि मगच दात बसतात. म्हणजे तेल इतके निसरडे हवे की दात झिजू नयेत, पण इतकेही नको की रिंग शंकू धरणारच नाही. तेलाच्या जीएल-४ आणि जीएल-५ या दर्जांमधला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. जीएल-५ तेल मागच्या आसाच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचा जबर दाब सोसण्यासाठी असते. त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जास्त असतात आणि काही तेलांत ती पितळेला बाधतात. जास्त दर्जाचे तेल म्हणजे जास्त चांगले, हा समज म्हणूनच घातक आहे. घरात ट्रॅक्टर असला की त्याच्या डब्यातले उरलेले तेल गाडीत ओतायचा मोह होतो. पण ते हायड्रॉलिक आणि तेलातल्या ब्रेकांसाठी बनवलेले असते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला दर्जा आणि घट्टपणा सोडून दुसरे काही भरू नये.

यावर आक्षेप असा की, कंपनीच चाळीस-साठ हजार किलोमीटरपर्यंत तेल बदलायला सांगत नाही, काही गाड्यांत तर ते आयुष्यभराचे म्हणून सांगितले जाते. मग गावातल्या माणसाने आधी खर्च का करावा? उत्तर त्याच पुस्तिकांत सापडते. धूळ, चिखल, ओझे आणि वारंवार छोट्या फेऱ्या असतील तर देखभाल लवकर करा, अशी वेगळी सूचना त्यांत बहुधा असते, आणि आसेगावची गाडी वर्षातले कित्येक महिने याच वर्गात मोडते. ओल्या काळ्या मातीत रुतलेली गाडी पहिला आणि रिव्हर्स असे आलटून पालटून टाकत, हाफ क्लचवर काढली जाते. चालून तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर नावाच्या हवेच्या छिद्रातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा एका फेरीनंतर तेल दुधाळ होऊ शकते. मीटरवर किती किलोमीटर झाले याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. उलट टोक समृद्धी महामार्गाचे. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि गावातल्या गाड्या तासन् तास पाचव्या गिअरमध्ये धावू लागल्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पाचवा गिअर पेटीच्या टोकाला असतो. गळतीमुळे पातळी उतरली की कोरडा पडण्याची पाळी आधी त्याच्यावर येते.

तपासणी अवघड नाही, पण क्रम पाळावा. गाडी सपाट जागी भक्कम आधारावर घ्यावी, आणि ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरणीचा प्लग सुटतो का ते पाहावे. तेल सांडून गेल्यावर वरचा प्लग गंजलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते. तेल कोमट असताना काढावे. प्लगवर लोहचुंबक असेल तर त्याला चिकटलेला बारीक करडा लगदा ही नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर मात्र पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही. नवे वायसर टाकून प्लग बसवावा आणि भरणीच्या भोकाच्या काठावरून तेल ओघळेपर्यंत भरावे, असा बहुतेक हातगिअर गाड्यांचा नियम आहे. काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

मेकॅनिकांचा आक्षेप वेगळा असतो: आवाज येतो म्हणजे पेटी खोलूनच पाहिली पाहिजे. तसे नाही, कारण आवाज कधी येतो यावरूनच बरेच कळते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर संशय पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. एकच गिअर खरखरतो तर त्याची रिंग. सगळेच खरखरतात तर क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्सला अनेक गाड्यांत सिंक्रोमेश नसते, त्यामुळे क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. तरीही दात वाजले तर आधी केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर पाहावा. चालता चालता गिअर सुटत असेल तर इंजिन-पेटीचे फाटलेले रबरी माउंटही त्याला कारण असू शकतात, आणि ते पेटी न उतरवता बदलता येतात.

उघडायची वेळ आलीच, तर उतरवलेल्या पेटीबरोबर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासावे, कारण पेटी उतरवण्याची मजुरीच खर्चाचा मोठा भाग असते. आतले सील आणि झिजलेली बेअरिंगे एकदमच बदलावीत. एकमेकांत फिरणाऱ्या गिअरांपैकी एकच नवा घातला तर जुन्या झिजलेल्या दातांवर तो गोंगाट करतो, जोडीच बदलावी. जुन्या बाजारातली आख्खी पेटी स्वस्त पडते खरी, पण ती बसवण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवून, प्रत्येक गिअर टाकून आणि तेलाचा उरलेला अंश पाहूनच घ्यावी.